नकोसं काम माणूस किती वेळ रेटतो? चिकाटी मोजणारे प्रयोग आणि त्या आकड्यांचा खरा अर्थ

टेबलावर कागदांचा मोठा गठ्ठा आहे. सुमारे २,००० कागद. प्रत्येक कागदावर ओळीने आकडे छापलेत आणि काम एवढंच आहे, शेजारशेजारच्या आकड्यांची बेरीज करत जायचं. एका कागदावर अशा २२४ बेरजा. संशोधक समोरच्या माणसाचं घड्याळ काढून घेतो, काम चालू ठेवा, मी कधीतरी परत येईन असं सांगतो आणि खोलीतून निघून जातो.

हा माणूस किती वेळ बसेल? दहा मिनिटं? अर्धा तास?

साडेपाच तास झाले तरी बेरजा सुरूच होत्या. शेवटी संशोधकानेच हात टेकले.

मार्टिन ऑर्न या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांनी १९६२ साली प्रसिद्ध केलेल्या लेखात हा प्रकार नोंदवला आहे. ते संमोहनावर काम करत होते. संमोहित नसलेला माणूस थोड्याच वेळात सोडून देईल, असं एखादं निरर्थक काम त्यांना हवं होतं. बेरजांनी काम भागलं नाही, म्हणून त्यांनी त्यात भर घातली. प्रत्येक कागद पूर्ण झाला की बाजूच्या गठ्ठ्यातून एक कार्ड उचलायचं आणि त्यावरची सूचना पाळायची. सगळ्या कार्डांवर सूचना एकच होती: आत्ता पूर्ण केलेल्या कागदाचे किमान ३२ तुकडे करा आणि पुढचा कागद घ्या. तरीही लोक कित्येक तास बेरजा करत आणि कागद फाडत बसले. नंतर विचारल्यावर अनेकांनी सांगितलं की, ही आपल्या सहनशक्तीची परीक्षा असावी असं त्यांना वाटलं होतं.

आता प्रश्न असा, की या लोकांकडे अफाट चिकाटी होती असं म्हणायचं का? की ते फक्त आज्ञाधारक होते?

'हार मानू नका' छापाच्या रील्स, पहाटे पाचला उठण्याची चॅलेंजेस आणि बर्फाच्या टबातले व्हिडिओ रोज समोर येत असताना हा प्रश्न महत्त्वाचा ठरतो. चिकाटी हा माणसाचा पक्का गुण आहे आणि तो मोजता येतो, असं आपण गृहीत धरतो. मोजता येतो हे खरं आहे. पण आलेला आकडा नेमकं काय सांगतो, हे समजून घ्यायला हवं.

नेमकं काय मोजतात?

मराठीत जिद्द, चिकाटी, नेट, सोशिकपणा असे बरेच शब्द आहेत आणि बोलताना आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. मानसशास्त्रात मात्र यातल्या दोन गोष्टी वेगळ्या धरतात. पहिली, अडथळा आला तरी काम पुढे चालू ठेवणं. दुसरी, काम करताना होणारा त्रास, म्हणजे चिडचिड, कंटाळा, घाबरणं किंवा दुखणं, सहन करणं. पहिलीला चिकाटी म्हणू आणि दुसरीला सोसण्याची क्षमता.

प्रत्यक्षात दोन्ही एकत्रच लागतात. सतत अडकणाऱ्या वेबसाइटवर फॉर्म भरणाऱ्याला पुन्हा पुन्हा प्रयत्नही करावा लागतो आणि होणारा संतापही गिळावा लागतो.

हे मोजण्यासाठी गेल्या शंभरेक वर्षांत बरेच प्रयोग तयार झाले. वरवर ते एकमेकांपासून खूप वेगळे दिसतात, पण बहुतेकांचा सांगाडा एकच असतो. काम असं द्यायचं की ते नकोसं वाटेल. 'हवं तेव्हा थांबा' अशी मुभा द्यायची. आणि माणूस थांबेपर्यंतचा वेळ मोजायचा. उत्तर सेकंदांत येतं, म्हणून ते फार नेमकं वाटतं.

न सुटणारी कोडी

पेन न उचलता आणि एकाच रेषेवरून दोनदा न जाता आकृती काढायची, हे कोडं शाळेत बहुतेकांनी सोडवलेलं असतं. काही आकृत्या अशा काढता येतात, काही कधीच काढता येत नाहीत. संशोधकांनी नेमक्या न येणाऱ्या निवडल्या.

यामागे साधं कारण आहे. कोडं सुटणारं असेल तर हुशार माणूस दोन मिनिटांत उठेल आणि त्याची चिकाटी कमी होती की बुद्धी जास्त, हे कळणार नाही. कोडं सुटतच नसेल, तर कौशल्याचा प्रश्न मागे पडतो आणि माणूस किती वेळ प्रयत्न करतो तेवढंच उरतं.

नॉर्मन फेदर यांनी १९६१ मध्ये अशीच कोडी विद्यार्थ्यांना दिली. काहींना सांगितलं की हे कोडं सोपं आहे, बहुतेकांना सुटतं. काहींना सांगितलं की फारच अवघड आहे, क्वचितच कुणाला जमतं. ज्यांच्या मनात यशाची ओढ अपयशाच्या भीतीपेक्षा जास्त होती, ते 'सोप्या' कोड्यावर जास्त वेळ टिकले. ज्यांच्या मनात अपयशाची भीती जास्त होती, ते उलट 'फार अवघड' कोड्यावर जास्त वेळ टिकले. जे कुणालाच जमत नाही, ते आपल्याला नाही जमलं तर लाज कसली, असा त्यामागचा हिशोब असावा.

कोडं तेच होतं, बदललं होतं फक्त आधी सांगितलेलं एक वाक्य. तेवढ्यावरून कोण जास्त चिकाट ठरणार, हे बदललं.

याच जातीच्या कोड्यांचा सर्वांत गाजलेला वापर १९९८ मध्ये झाला. रॉय बाउमाइस्टर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भुकेल्या विद्यार्थ्यांना ताज्या चॉकलेट बिस्किटांचा वास दरवळणाऱ्या खोलीत बसवलं. काहींना बिस्किटं खायला दिली. काहींना बिस्किटांकडे बघत मुळे खायला लावले. नंतर सगळ्यांना न सुटणारी कोडी दिली. बिस्किटवाले सरासरी जवळपास १९ मिनिटं टिकले, मुळेवाले ८ मिनिटांच्या थोडं वर. यावरून सिद्धांत निघाला की, इच्छाशक्ती इंधनासारखी असते, एका ठिकाणी वापरली की दुसरीकडे कमी पडते.

हा सिद्धांत पुस्तकांत, व्याख्यानांत आणि असंख्य पोस्ट्समध्ये पोहोचला. पुढे मात्र तो डळमळला. २०१६ मध्ये २३ प्रयोगशाळांनी मिळून २,००० हून अधिक जणांवर, वेगळी कामं वापरून, याच कल्पनेची तपासणी केली. परिणाम जवळपास शून्य आला. २०२१ मध्ये ३६ प्रयोगशाळांनी पुन्हा प्रयत्न केला, तेव्हाही हाती फारसं काही लागलं नाही. मुळ्यांची गोष्ट आजही सांगितली जाते, पण तिचा शेवट बहुतेक वेळा गाळला जातो.

बर्फाच्या पाण्यातला हात

दुसरी पद्धत थेट शरीराशी भिडते. हात जवळपास गोठणबिंदूच्या पाण्यात बुडवायचा आणि सहन होईल तोवर ठेवायचा. ही चाचणी मुळात चिकाटीसाठी नव्हतीच. १९३० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी ती रक्तदाबाची प्रतिक्रिया पाहण्यासाठी वापरायला सुरुवात केली. थंडीने रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब चढतो. पुढे वेदनेवर काम करणाऱ्यांनी ती उचलली.

यात दोन वेळा नोंदवतात. पहिली, दुखायला लागलं असं माणूस सांगतो ती वेळ. दुसरी, तो हात बाहेर काढतो ती वेळ. या दोन क्षणांमधलं अंतर म्हणजे दुखत असतानाही तो किती थांबला. दुखण्याची जाणीव उशिरा होणं वेगळं आणि दुखणं सोसणं वेगळं, हा फरक त्यामुळे कळतो.

चाचणी साधी दिसते, पण तिच्यात खाचखळगे आहेत. पाणी स्थिर असेल तर हाताच्या उष्णतेने त्याच्याभोवती कोमट पाण्याचा थर तयार होतो, म्हणून पाणी सतत फिरतं ठेवावं लागतं. तापमानात थोड्या अंशांचा फरक पडला तरी हात टिकण्याची वेळ बरीच बदलते. इजा होऊ नये म्हणून वेळेला मर्यादाही घालतात. त्यामुळे पाच मिनिटांची मर्यादा गाठणारे सगळे कागदावर सारखेच दिसतात, मग एखाद्याला आणखी दहा सेकंद जमली असती की दहा मिनिटं, हे कळायला मार्ग नाही.

प्रयोगशाळेत हृदयविकार किंवा रक्तदाबाचा त्रास असलेल्यांना आधीच वगळतात. इंटरनेटवरचं चॅलेंज बघून घरी बर्फाची बादली भरणाऱ्यांना असं कुणी वगळत नाही, हे लक्षात ठेवलेलं बरं.

उलटा माऊस आणि वेग वाढवणारी बेरीज

त्रास शरीराचाच असायला हवा असं नाही. डोक्याला वैताग आणणाऱ्या चाचण्याही आहेत आणि आज चिकाटीच्या संशोधनात त्यांचा बराच वापर होतो.

एक आहे आरशातल्या चित्राची. हाताकडे थेट न बघता आरशात बघून चांदणीच्या आकृतीवरून पेन्सिल फिरवायची. आरशात दिशा उलटी दिसते, त्यामुळे हात भलतीकडेच जातो. ही जुनी चाचणी आहे. स्मृती गमावलेले प्रसिद्ध रुग्ण हेन्री मोलेसन यांच्यावरच्या अभ्यासातही ती वापरली गेली. आदल्या दिवशीचा सराव त्यांना आठवत नसे, तरी हात मात्र सुधारत गेला. चिकाटीसाठी तिची कॉम्प्युटरवरची आवृत्ती वापरतात. माऊस उलट्या दिशेने चालतो. रेषेबाहेर गेलं की मोठा कर्कश आवाज येतो आणि सुरुवातीपासून काम करावं लागतं. सुरुवातीच्या सोप्या आकृत्या करून घेतात आणि शेवटच्या, सर्वांत अवघड आकृतीत कधीही थांबण्याची मुभा देतात.

दुसरी आहे बेरजेची. पडद्यावर एकेक आकडा येतो आणि प्रत्येक नव्या आकड्यात त्याच्या लगेच आधीचा आकडा मिळवायचा. समजा ५ नंतर ३ आला, तर उत्तर ८. मग ६ आला तर ९, कारण ३ आणि ६ मिळवायचे, आधीचं उत्तर नाही. ऐकायला सोपं वाटतं. पण आधीचं उत्तर डोक्यात घोळत असतं, ते बाजूला सारून आधीचा आकडा लक्षात ठेवावा लागतो आणि दोन आकड्यांमधला वेळ कमी होत जातो. चूक झाली की स्फोटासारखा आवाज. या चाचणीचं मूळ रूप डोक्याला मार लागलेल्या रुग्णांची सुधारणा मोजण्यासाठी होतं. न्यूझीलंडच्या डोरोथी ग्रॉनवॉल यांनी ते १९७० च्या दशकात वापरात आणलं. ते लोकांना इतकं चिडवतं हे दिसल्यावर, पुढच्या संशोधकांनी तो चिडवण्याचा गुणच कामाला लावला.

हे मोजून उपयोग काय?

लोकांना छळून सेकंद मोजण्यात अर्थ काय, असं वाटू शकतं. खरा उपयोग दिसला व्यसनमुक्तीत.

सिगारेट सोडण्याचा सर्वांत कठीण काळ पहिल्या काही दिवसांचा. बेचैनी, चिडचिड, झोप न लागणं. सगळ्यांना तलफ येते, मग काहीजण २४ तासही का टिकत नाहीत आणि काहीजण महिनोन् महिने कसे टिकतात?

अमेरिकेतल्या संशोधकांनी २००२ मध्ये अशा दोन गटांची तुलना केली. एका गटातल्यांना एकदाही एका दिवसापेक्षा जास्त सिगारेटपासून लांब राहता आलं नव्हतं. दुसऱ्या गटातल्यांनी कधी ना कधी किमान तीन महिने सिगारेट सोडली होती. पहिला गट त्रासदायक कामांमध्ये लवकर थांबला. गट लहान होते, प्रत्येकी १६ जणांचे, त्यामुळे एवढ्यावरून मोठा निष्कर्ष काढता येत नाही. पण २००३ मध्ये दुसऱ्या एका अभ्यासात, उपचार सुरू होण्याआधी आरशाच्या चाचणीत जास्त टिकलेल्यांना पुढे सिगारेट सोडण्यात जास्त यश मिळाल्याचं दिसलं. २००५ मध्ये निवासी व्यसनमुक्ती केंद्रातल्या रुग्णांवर अभ्यास झाला. उपचार लवकर अर्धवट सोडणारे लोक बेरीज आणि उलट्या माऊसच्या चाचण्यांतही लवकर थांबले होते.

या शेवटच्या अभ्यासातला तपशील बोलका आहे. डोक्याला त्रास देणाऱ्या चाचण्यांतून अंदाज आला, शरीराला त्रास देणाऱ्या चाचण्यांतून तो आला नाही. म्हणजे वैताग सोसणं आणि थंड पाणी सोसणं ही एकच ताकद नाही. बर्फाच्या टबात पाच मिनिटं बसणारा माणूस कंटाळवाण्या नोकरीत किंवा व्यसनाच्या तलफेतही तितकाच टिकेल, असं म्हणता येत नाही.

माणसालाच विचारलं तर?

एवढा खटाटोप करण्यापेक्षा थेट विचारायला काय हरकत आहे? तेही केलं जातं. २००५ मध्ये त्रास सोसण्याच्या क्षमतेची प्रश्नावली तयार झाली. २००७ मध्ये अँजेला डकवर्थ आणि सहकाऱ्यांनी 'ग्रिट' ही कल्पना मांडली, म्हणजे दूरच्या ध्येयासाठी वर्षानुवर्षं आवड आणि मेहनत टिकवणं. त्यासाठी १२ वाक्यांची प्रश्नावली होती. प्रत्येक वाक्य आपल्याला किती लागू पडतं, ते सांगायचं.

ग्रिट जगभर गाजलं, शाळांपासून कंपन्यांपर्यंत पोहोचलं. त्यानंतर २०१७ मध्ये ६६ हजारांहून अधिक लोकांची माहिती एकत्र करून केलेला आढावा आला. ग्रिट हा नवा गुण नसून मानसशास्त्राला आधीपासून माहीत असलेल्या 'कर्तव्यदक्षता' या गुणाशी तो बराचसा जुळतो, असं त्यातून दिसलं. त्यातही उपयोगी भाग मेहनत टिकवण्याचा होता, एकच आवड धरून ठेवण्याचा भाग फारसा कामाचा दिसला नाही.

त्याहून मोठी अडचण वेगळीच आहे. प्रश्नावलीतला गुण आणि प्रयोगातला वेळ एकमेकांशी फारसे जुळत नाहीत. २०११ च्या एका अभ्यासात प्रश्नावल्या आपसात जुळल्या, प्रयोग आपसात जुळले, पण या दोहोंमध्ये नातं जवळपास दिसलंच नाही. 'मी हार मानत नाही' असं लिहिणारा माणूस चिडवणाऱ्या कामात जास्त वेळ टिकेलच असं नाही. आपण स्वतःबद्दल जे सांगतो ते बऱ्याचदा महिन्यांच्या आणि वर्षांच्या आठवणींवरून सांगतो. प्रयोग मात्र त्या दहा मिनिटांपुरता असतो.

कष्टाचा भाव किती?

काही संशोधकांनी प्रश्नच बदलला. माणूस किती वेळ टिकतो हे मोजण्याऐवजी, किती मोबदला मिळाला तर तो जास्त कष्टाचं काम निवडतो, हे त्यांनी मोजलं.

२००९ मध्ये मायकेल ट्रेडवे आणि सहकाऱ्यांनी बनवलेल्या चाचणीत दोन पर्याय असतात. सोपं काम म्हणजे सरावाच्या हाताच्या तर्जनीने ७ सेकंदांत ३० वेळा बटण दाबणं. अवघड काम म्हणजे दुसऱ्या हाताच्या करंगळीने २१ सेकंदांत १०० वेळा बटण दाबणं. अवघड कामाला पैसे जास्त, पण ते मिळतीलच याची खात्री दर वेळी वेगळी. ज्या लोकांना कशातच आनंद वाटत नव्हता, ते अवघड काम कमी वेळा निवडत होते.

आळस म्हणून ज्याची हेटाळणी होते, ते कधी कधी नैराश्याचं लक्षण असतं, असं डॉक्टर सांगत असतात. या चाचणीतून ते आकड्यांत दिसलं. कष्ट टाळणाऱ्याच्या मनात 'एवढं करून मिळणार काय' हा हिशोब सुरू असतो आणि आजारपणात तो हिशोब बिघडू शकतो.

मग आकडा माणसाचा की परिस्थितीचा?

इथे सुरुवातीचा प्रश्न पुन्हा येतो. सेकंद माणसाच्या नावापुढे लिहिले जातात, पण त्यात आजूबाजूच्या किती गोष्टी मिसळलेल्या असतात?

तोंडातला शब्द: ब्रिटनमधल्या कील विद्यापीठात २००९ मध्ये विद्यार्थ्यांना थंड पाण्यात हात ठेवून एकदा शिवी आणि एकदा साधा शब्द पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं. शिवी देताना हात सरासरी सुमारे ४० सेकंद जास्त टिकला. या संशोधनाला २०१० चा शांततेसाठीचा इग नोबेल, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचा पुरस्कार मिळाला.

समोरचा माणूस: थंड पाण्याच्याच चाचणीच्या २००४ मधल्या अभ्यासात दिसलं की, चाचणी घेणारी व्यक्ती भिन्नलिंगी असेल किंवा अधिकारी, प्राध्यापक वाटत असेल, तर लोक हात जास्त वेळ ठेवतात. ऑर्न यांच्या प्रयोगातले लोक तासन् तास कागद का फाडत बसले, याचं काहीसं उत्तर इथे मिळतं. विज्ञानाचं काम आहे म्हटल्यावर त्यांनी आपणहून त्याला अर्थ जोडला.

न दाबलेलं बटण: १९६० च्या दशकाच्या अखेरीस डेव्हिड ग्लास आणि जेरोम सिंगर यांनी लोकांना मोठा गोंगाट ऐकवला. त्यात एकाच वेळी स्पॅनिश आणि आर्मेनियन भाषेतलं बोलणं, टाइपरायटर आणि ऑफिसातल्या यंत्रांची खडखड मिसळलेली होती. काहींना तो ठरावीक अंतराने ऐकवला, काहींना कधीही, अचानक. गोंगाट थांबल्यावर न सुटणारी कोडी दिली. अचानक गोंगाट ऐकलेल्यांनी कोडी लवकर सोडली. मग काहींना एक बटण दिलं: फारच असह्य झालं तर दाबा, आवाज बंद होईल, पण शक्यतो दाबू नका. बहुतेकांनी ते दाबलं नाही. तरी नंतर ते कोड्यांवर कितीतरी जास्त वेळ टिकले. त्रास दोघांनाही तेवढाच झाला होता. आपण तो थांबवू शकतो, एवढा विश्वास पुरेसा होता.

विमानतळाजवळची शाळा: प्रयोगशाळेतली ही गोष्ट खऱ्या आयुष्यात कशी दिसते, ते १९८० मध्ये लॉस एंजेलिसमध्ये समोर आलं. संशोधकांनी विमानतळाच्या मार्गाखालच्या शाळांमधली मुलं आणि शांत भागातल्या शाळांमधली मुलं यांची तुलना केली. चाचणी आवाज आत येणार नाही अशा जागी घेतली. तरीही गोंगाटाच्या शाळांमधली मुलं कोडं सोडवण्यात जास्त वेळा अपयशी ठरली आणि वेळ संपायच्या आत जास्त वेळा सोडून मोकळी झाली. दर काही मिनिटांनी डोक्यावरून जाणारं विमान थांबवणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांच्या प्रगतिपुस्तकात मात्र त्याची नोंद 'चिकाटी कमी' अशीच झाली असती.

दिलेला शब्द: लहान मुलांनी एक गोड खाऊ समोर ठेवून वाट पाहिली तर दुसरा मिळेल, हा मार्शमेलोचा प्रयोग सगळ्यांना माहीत आहे. अमेरिकेतल्या रॉचेस्टर विद्यापीठात २८ मुलांवर झालेला आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेला त्याचा नवा अवतार कमी माहीत आहे. त्यात आधी काही मुलांना चित्रकलेचं चांगलं सामान आणून देतो सांगून दिलं, काहींना सांगूनही दिलं नाही. मग खाऊ ठेवला. शब्द पाळलेला पाहणारी मुलं सरासरी १२ मिनिटं थांबली, फसवली गेलेली मुलं ३ मिनिटं. ज्याने एकदा शब्द मोडला त्याच्यावर विसंबून वाट का पाहायची, हा त्या मुलांचा हिशोब चुकीचा म्हणता येणार नाही.

चिकाटी वाढवता येते का?

टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असं आपल्याकडे म्हणतात. संशोधन मात्र सांगतं की, नुसते घाव पुरत नाहीत.

रॉबर्ट आयझेनबर्गर यांनी १९९२ मध्ये मांडलेल्या सिद्धांतानुसार, कष्ट केल्यावर पुन्हा पुन्हा फळ मिळालं, तर कष्टाची जाणीवच हळूहळू कमी नकोशी होते. एका कामात अशी सवय लागली की दुसऱ्या, वेगळ्या कामातही माणूस जास्त प्रयत्न करतो. म्हणजे मुलाने अवघड गणिताशी झटापट केली, तर त्या झटापटीचंही कौतुक व्हायला हवं, फक्त बरोबर उत्तराचं नाही.

याची दुसरी बाजूही आहे. कितीही कष्ट करा, फळ मिळत नाही, असा अनुभव पुन्हा पुन्हा आला तर माणूस प्रयत्न सोडायला शिकतो. बाहेरून पाहणाऱ्याला तो आळस वाटतो.

सोडून देणंही शहाणपणाचं असतं

चिकाटीच्या बऱ्याच प्रयोगांमधली एक गंमत सहज नजरेतून सुटते. कोडी मुळात सुटणारीच नव्हती. मग १९ मिनिटं बसणारा जास्त शहाणा की ८ मिनिटांत 'हे होणार नाही' म्हणून उठणारा? गुण पहिल्याला मिळाले, पण निदान दुसऱ्याचं बरोबर होतं.

कॅनडातले मानसशास्त्रज्ञ कार्स्टन रॉश आणि त्यांचे सहकारी नेमका याचाच अभ्यास करतात. अशक्य झालेलं ध्येय सोडून नव्याला लागणारे लोक मानसिकदृष्ट्या बरे असतात, असं त्यांना २००३ मध्ये दिसलं. २००७ मध्ये त्यांनी ग्रेगरी मिलर यांच्यासोबत किशोरवयीन मुलींचा वर्षभर मागोवा घेतला. ज्यांना अशक्य ध्येय सोडणं जड जात होतं, त्यांच्या रक्तात शरीरातली सूज दाखवणाऱ्या एका प्रथिनाचं प्रमाण जास्त वाढलं. एका अभ्यासावरून घाई करू नये, पण सतत धरून ठेवण्याची किंमत शरीरालाही मोजावी लागत असावी, एवढं म्हणता येतं.

एकाच परीक्षेला वर्षानुवर्षं बसणारे, तोट्यातलं दुकान रेटणारे किंवा त्रास देणाऱ्या वरिष्ठाच्या हाताखाली दिवस काढणारे लोक चिकाट असतातच. पण 'अजून थोडं थांब' हा सल्ला त्यातल्या प्रत्येकासाठी बरोबर असेलच असं नाही.

पुढच्या वेळी असा आकडा दिसला तर

चिकाटीची एखादी चाचणी, क्विझ किंवा 'यशस्वी लोकांचा एकच गुण' सांगणारी पोस्ट समोर आली, तर चार गोष्टी तपासता येतात.

१. त्रास कोणता होता? थंडी, कंटाळा, चिडचिड आणि भीती यातलं एक सोसता आलं म्हणून दुसरं सोसता येतं, असं नाही.

२. माणसाने सांगितलेलं मोजलं की केलेलं? दोन्हींची उत्तरं बऱ्याचदा वेगळी येतात.

३. काम पूर्ण होण्यासारखं होतं का, आणि त्याचं फळ मिळेल असा विश्वास त्या माणसाला होता का?

४. थांबण्याची मुभा खरी होती का? समोर साहेब, डॉक्टर किंवा शिक्षक उभे असतील तर 'हवं तेव्हा थांबा' याचा अर्थ बदलतो.

चांगले संशोधक हे प्रश्न स्वतःलाच विचारतात. म्हणून एका चाचणीवर न थांबता ते दोन-तीन चाचण्या घेतात, सहभागी लोकांची आधी संमती घेतात आणि न सुटणारं कोडं दिलं असेल तर नंतर खरं काय ते सांगतात. शाळेत, ऑफिसात किंवा घरी कुणावर 'याला चिकाटीच नाही' असा शिक्का मारताना यातलं काहीच होत नाही. त्याने काम किती लवकर सोडलं हे लगेच दिसतं, पण त्याआधी डोक्यावरून किती विमानं गेली होती, हे विचारावं लागतं.